सायरन वाजतो, खेळ थांबतो, मानधनाचं काय?

२६ मार्च २०२२ ला खारकीव शहरात संगीत महोत्सव सुरू व्हायचा होता. तारीख, कार्यक्रम, वादक सगळं आधीच ठरलं होतं. पण महिनाभरापूर्वी, २४ फेब्रुवारीला, रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं. रशियाच्या सीमेपासून जेमतेम ३०-४० किलोमीटरवर असलेलं हे शहर पहिल्या दिवसापासून तोफांच्या माऱ्यात आलं. तरी महोत्सव त्याच तारखेला सुरू झाला, भुयारी मेट्रोच्या एका स्थानकात. जिन्याच्या पायऱ्यांशी हातावर मोजता येतील इतके तंतुवादक बसले होते. समोर गाद्या-पांघरुणं घेऊन तिथेच मुक्काम ठोकलेली कुटुंबं होती. त्यांच्यासाठी बाखची रचना वाजली, युक्रेनी लोकगीताची धून वाजली.

त्याची चित्रफीत जगभर फिरली. ती पाहून अनेकांचे डोळे भरून आले, माझेही. मग दुसराच विचार मनात आला आणि तो गेला नाही. या वादकांचं पुढच्या महिन्याचं घरभाडं कोण देणार? समोर बसलेल्या माणसांकडे स्वतःचंच घर उरलं नव्हतं. तिथे तिकिटाचा प्रश्नच नव्हता.

युद्धात लोकांना गाणं, नाटक, पुस्तक नकोसं होतं असा आपला समज असतो. युक्रेनमध्ये घडलं ते उलटं. नाट्यगृहं पुन्हा उघडली तेव्हा लोक आले, पुढे तर गाजलेल्या प्रयोगांची तिकिटं मिळेनाशी झाली. पुस्तकांची नवी दुकानं निघाली. मागणी टिकली, काही ठिकाणी वाढली. तुटला तो रसिकाच्या खिशातून कलावंताच्या हातापर्यंत पैसा पोचण्याचा रस्ता. तो कुठे कुठे तुटला हे समजलं, की युद्धकाळात कलाकाराचं पोट कसं चालतं किंवा का चालत नाही, ते कळतं.

पैसा कुठे अडला

आधी शांततेच्या काळातलं चित्र पाहू. युक्रेनमध्ये ढोबळमानाने दोन प्रकारचे कलाकार आहेत. एक सरकारी किंवा पालिकेच्या नाट्यगृहात, वाद्यवृंदात, संग्रहालयात पगारावर असलेले. हा पगार सरकारी वेतनश्रेणीने ठरतो आणि तो बेताचाच असतो. दुसरे स्वतंत्रपणे काम करणारे: चित्रकार, रेखाटनकार, गायक, छायाचित्रकार, ध्वनिमुद्रक. यांतल्या बऱ्याच जणांची कागदोपत्री नोंद 'फोप' म्हणून असते, म्हणजे एकट्या माणसाचा व्यवसाय. ना मालक, ना पगारी रजा. काम मिळालं की बिल फाडायचं आणि कर भरायचा. प्रत्यक्षात पगारवाले कलाकारही संध्याकाळी शिकवण्या घेतात, लग्नसमारंभात वाजवतात, जाहिरातीला आवाज देतात, तेव्हा कुठे महिना निघतो.

२४ फेब्रुवारीला हे सगळे झरे एकदम आटले. जाहिराती बंद, लग्नं बंद, प्रदर्शनं बंद, शिकवण्या बंद. शिकायला येणारी मुलं आईबरोबर पोलंडला गेलेली. आपल्याकडे तमाशाच्या फडाचं गणित ज्याला माहीत आहे त्याला हे चटकन कळेल. फडाची वर्षाची मिळकत जत्रांच्या थोड्या दिवसांवर उभी असते, उचल आधीच घेतलेली असते. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनामुळे जत्रा रद्द झाल्या तेव्हा बुडालेला हंगाम नंतर कुणी भरून दिला नाही, कर्ज मात्र राहिलं. युक्रेनी कलाकाराचंही तसंच झालं, फक्त त्याच्या डोक्यावर क्षेपणास्त्रंही पडत होती.

पगारवाल्यांचं काय झालं? काम बंद पण नोकरी चालू, अशा स्थितीसाठी तिथल्या कामगार कायद्यात तरतूद आहे. काम थांबलं असेल तर मूळ वेतनाच्या किमान दोन तृतीयांश रक्कम द्यावी लागते. बेताच्या पगाराच्या दोन तृतीयांश. मार्च २०२२ मध्ये युद्धकाळासाठी नवा कामगार कायदा आला. त्याने मालकाला आणखी एक वाट दिली: लढाईमुळे काम देणं आणि करणं दोन्ही अशक्य असेल तर नोकरीचा करार 'स्थगित' करायचा. माणूस नोकरीवर राहतो, पण पगार मिळत नाही. त्या काळातल्या बुडालेल्या वेतनाची भरपाई आक्रमण करणाऱ्या देशाने करावी, असं त्याच कायद्यात लिहिलं आहे. न्यायाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण रशियाकडून ती रक्कम येईपर्यंत वाण्याचं बिल थांबत नाही.

प्रेक्षक किती? तळघरात मावतील तितके

नाट्यगृहं उघडल्यावर एक नवा नियम लागू झाला आणि त्याने अर्थकारण मुळापासून बदललं. हल्ल्याची सूचना मिळाली की प्रेक्षकांना सुरक्षित जागी नेता आलं पाहिजे. त्यामुळे तिकिटं किती विकायची हे सभागृहातल्या खुर्च्यांवर ठरत नाही, तळघरातल्या आसऱ्यात किती माणसं मावतात यावर ठरतं. मे २०२२ मध्ये कीवचं राष्ट्रीय ऑपेरागृह पुन्हा उघडलं तेव्हा त्या भव्य इमारतीतल्या कित्येक खुर्च्या याच कारणाने रिकाम्या ठेवाव्या लागल्या.

याचा हिशोब करून बघा. समजा हजार खुर्च्या आहेत आणि आसऱ्यात तीनशे माणसं मावतात. म्हणजे प्रयोग 'हाऊसफुल्ल' झाला तरी गल्ला तीस टक्के. गायक तेवढेच, वाद्यवृंद तेवढाच, रंगमंचामागची माणसं तेवढीच. त्यात भर जनरेटरच्या डिझेलची, कारण १० ऑक्टोबर २०२२ पासून रशियाने वीजयंत्रणेवर मोठे हल्ले सुरू केले आणि शहरं तासातासाच्या वेळापत्रकावर अंधारात जाऊ लागली.

प्रयोगाच्या मध्येच सायरन वाजला तर नट वेशभूषेसकट खाली उतरतात, प्रेक्षकही उतरतात. साधारण तासाभरात धोका टळला तर खेळ पुढे सुरू. नाही टळला तर प्रयोग दुसऱ्या दिवसावर जातो आणि तेच तिकीट त्या दिवशी चालतं. प्रेक्षकाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. नाट्यगृहाच्या दृष्टीने एका गल्ल्यात दोन संध्याकाळींचा खर्च. ज्याला प्रयोगागणिक नाइट मिळते अशा नटाला अर्ध्यावर थांबलेल्या प्रयोगाचे पैसे मिळतात का? ते त्या त्या संस्थेच्या मर्जीवर आणि ऐपतीवर राहतं. अशा बारीकसारीक गोष्टी कुठल्याही मोठ्या अहवालात येत नाहीत, पण कलाकाराचा महिना याच गोष्टींवर ठरतो.

रात्रीच्या संचारबंदीने क्लबमध्ये वाजवणाऱ्यांचा धंदा दुपारी आणला, आणि दुपारी येणारा माणूस रात्रीएवढा खर्च करत नाही. खारकीवमध्ये तर जमिनीवर मोठे कार्यक्रम करायलाच मनाई झाली. तिथल्या ऑपेरागृहाने २०२४ मध्ये इमारतीच्या भूमिगत भागात रंगमंच उभा केला आणि तिथे प्रयोग सुरू केले. मिकोलाइव्हच्या नाट्यगृहाने त्याआधीच तळघरात छोटा रंगमंच केला होता. मोठ्या आवाजात, मोठ्या हालचालीत काम करायची सवय असलेले नट तिथे पहिल्या रांगेपासून हातभर अंतरावर काम करू लागले. कलेच्या दृष्टीने यातून काही सुंदर निपजलं असेल, मला खात्री आहे की निपजलं. पण त्या तळघरातल्या मूठभर तिकिटांवर संपूर्ण नाट्यसंस्था पोसली जात नाही. ती सरकारी अनुदानावरच तगते.

त्यात महागाई. २०२२ या एका वर्षात किमती २६.६ टक्क्यांनी वाढल्या. जुलै २०२२ मध्ये डॉलरचा अधिकृत दर २९.२५ ह्रिव्नियांवरून (ह्रिव्निया हे युक्रेनचं चलन) ३६.५७ वर नेला गेला. रंग, कॅनव्हास, व्हायोलिनच्या तारा, कॅमेऱ्याची भिंगं, जे जे बाहेरून येतं ते सगळं महागलं. मानधन तेवढ्या पटीने वाढल्याचं कुणी सांगत नाही. २०२५ मध्ये किमान वेतन महिना ८,००० ह्रिव्निया होतं, आपल्या हिशोबात साधारण सोळा-सतरा हजार रुपये. सांस्कृतिक क्षेत्रातल्या कनिष्ठ पदांवरच्या अनेकांचा पगार याच पातळीच्या आसपास घुटमळतो.

बाहेर जाता येतं का?

आक्रमणानंतर लष्करी कायदा लागू झाला आणि १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देश सोडायला बंदी झाली. काही अपवाद होते. ऑगस्ट २०२५ मध्ये १८ ते २२ वयाच्या मुलांना त्यातून मोकळीक मिळाली. एरवी वाद्यवृंदातल्या पुरुष वादकाला परदेशी दौऱ्यावर जायचं तर सांस्कृतिक मंत्रालयाची शिफारस लागते, ठरावीक दिवसांचा परवाना मिळतो. काही जण दौऱ्यावर गेले आणि परतले नाहीत. त्यामुळे मागे राहिलेल्यांसाठी परवाने कठीण झाले. त्यात नागरी विमानवाहतूक पूर्ण बंद. व्हिएन्नात एक कार्यक्रम करायचा तर आधी रात्रभर रेल्वेने सीमेपर्यंत जायचं. एका कार्यक्रमासाठी चार-चार दिवस प्रवासात जातात आणि त्या दिवसांचे पैसे कुणी देत नाही.

स्त्रियांना जाता आलं. युरोपीय संघाने मार्च २०२२ मध्ये तात्पुरत्या संरक्षणाची योजना लागू केली, त्यात राहण्याबरोबर काम करण्याचाही हक्क होता. ही फार मोठी गोष्ट होती, कारण निर्वासिताला काम करायला मिळणं हेच बहुतेक वेळा सगळ्यात अवघड असतं. हेग शहरात एका जुन्या संगीत विद्यालयाच्या इमारतीत युक्रेनी नर्तकांनी राहायला आणि सरावाला जागा मिळवली आणि नवी बॅले मंडळी उभी केली. युद्ध सुरू झालं तेव्हा कीव सिटी बॅले फ्रान्समध्ये दौऱ्यावर होती, पॅरिसच्या शातले नाट्यगृहाने तिला आसरा दिला. चित्रकार-लेखकांसाठी युरोपभर निवासी शिष्यवृत्त्या निघाल्या.

पण या शिष्यवृत्त्या बहुधा एक ते तीन महिन्यांच्या. एका गावात तीन महिने, मग दुसऱ्या देशात दोन महिने, मध्ये मुलाची शाळा, प्रत्येक ठिकाणी नवे अर्ज. अर्ज लिहिणं हेच पूर्णवेळ काम होऊन बसतं. शिवाय यजमानांना हवं असतं युद्धाबद्दलचं काम. ज्या चित्रकर्तीने दहा वर्षं फुलांचे, पाण्याचे रंग शोधले तिलाही पत्रकात 'युद्धग्रस्त' म्हणून उभं राहावं लागतं, कारण निधी त्याच नावाने आलेला असतो. २०२२ ला जगाचं लक्ष होतं, दारं उघडी होती. वर्ष सरलं तशी ती एकेक मिटू लागली.

निर्वासित कलाकाराला दया नको असते, नियमित पैसे देणारं काम हवं असतं, याचा मुंबईत एक जुना दाखला आहे. नाझींच्या छळामुळे ऑस्ट्रियातून निघालेले चित्रकार वॉल्टर लँगहॅमर मुंबईत आले आणि 'टाइम्स ऑफ इंडिया'त कलासंचालक झाले. हाताला काम होतं म्हणून त्यांच्या स्टुडिओचं दार इतरांसाठी उघडं राहू शकलं. रझा, आरा यांच्यासारखे तेव्हाचे नवखे चित्रकार त्यांच्याकडे जात. जर्मनीहून आलेले समीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन आणि व्हिएन्नाहून आलेले संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर यांनीही या मंडळींना उचलून धरलं. १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या आधुनिक चित्रकारांच्या गटाच्या वाटचालीत या तिघांचा वाटा मोठा आहे.

मिळवायचं आणि देऊन टाकायचं

जे मागे राहिले त्यांच्या बाबतीत एक गोष्ट घडली आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कलाकार देणगी गोळा करणारा झाला.

झान्ना कादिरोवा या कीवच्या शिल्पकार. आक्रमण झाल्यावर त्या देशाच्या पश्चिम टोकाला कार्पेथियन डोंगरातल्या बेरेझोवो गावी गेल्या. हाताशी ना स्टुडिओ, ना साहित्य. गावाजवळच्या डोंगरी नदीत पाण्याने घासून गोल गुळगुळीत झालेले दगड होते, तिथल्या गोल पावासारखे दिसणारे. त्यांनी ते उचलून आणले, काहींचे पावाच्या लादीसारखे काप केले आणि टेबलावर कापड अंथरून मांडले. लांबून ताजे पाव वाटावेत, हात लावला तर थंड दगड. या मालिकेला त्यांनी त्या पावाचंच नाव दिलं, 'पाल्यानित्सिया'. जगभर प्रदर्शनं झाली, दगड विकले गेले. आलेला पैसा लढणाऱ्या ओळखीच्या माणसांसाठी आणि अडचणीत सापडलेल्यांसाठी गेला.

हे एकटं उदाहरण नाही. २०२२ ची युरोव्हिजन ही युरोपातली गाण्यांची स्पर्धा जिंकलेल्या कालुश ऑर्केस्ट्रा या युक्रेनी बँडने आपला चषक लिलावात काढला. तो ९ लाख डॉलरला गेला आणि त्या पैशांतून सैन्यासाठी ड्रोन घेतले गेले. दिवंगत लोकचित्रकार मारिया प्रिमाचेन्को यांचं एक चित्र ५ लाख डॉलरला विकलं गेलं, ती रक्कम सैन्याच्या गाड्यांसाठी गेली. खारकीवचे कवी-गायक सेर्ही झादान यांनी वर्षानुवर्षं कार्यक्रमांतून सैन्यासाठी पैसा उभा केला आणि २०२४ मध्ये ते स्वतः 'खार्तिया' तुकडीत दाखल झाले. आज युक्रेनमधल्या जवळजवळ प्रत्येक मैफलीत क्यूआर कोड लावलेला असतो. तो स्कॅन केला की पैसे एखाद्या तुकडीच्या देणगीखात्यात जातात. आयोजक, कलाकार, प्रेक्षक, कुणालाच यात वावगं वाटत नाही. मलाही त्यांच्या जागी वाटलं नसतं.

पण हिशोब करायला हवा. कलाकार तिकिटाचा पैसा देतो, चित्राचा पैसा देतो, वेळही फुकट देतो. आपलं मानधन मागायला त्याला संकोच वाटू लागतो. समोर पाय गमावलेला सैनिक बसलेला असताना 'माझं बिल कधी निघेल?' असं विचारायचं कुठल्या तोंडाने? हा संकोच खरा आहे आणि उदात्तही आहे. पण ध्वनिव्यवस्था करणारा, पडदा ओढणारा, पोस्टर रेखाटणारी मुलगी या सगळ्यांची मजुरीही त्याच संकोचाखाली दबते. प्रसिद्ध गायकाला ते झेपतं, त्यांना झेपत नाही.

या लोकांसाठी मार्च २०२२ मध्येच कीवमधल्या एका समकालीन कलासंस्थेने इतरांच्या मदतीने आपत्कालीन कलानिधी सुरू केला आणि कलाकारांना थेट छोट्या रकमा द्यायला सुरुवात केली. प्रकल्प दाखवा, मग पैसे घ्या, ही अट न घालता जगण्यासाठी पैसे द्यायचे, हा विचार मला फार मोलाचा वाटतो. बॉम्ब पडत असताना कुणी 'प्रकल्पाची उद्दिष्टं' काय लिहिणार?

ड्रोन की नाटक

सरकारने काय केलं? आक्रमण होताच सांस्कृतिक अनुदानाचा पैसा संरक्षणाकडे वळवला. तेव्हा कुणीही त्याला विरोध केला नसता. पण जुलै २०२३ मध्ये हा वाद उघड पेटला. दूरचित्रवाणी मालिका आणि होलोडोमोर (सोव्हिएत काळातला १९३२-३३ चा भीषण दुष्काळ) संग्रहालयाच्या बांधकामासाठी पैसा ठेवल्यावर लोक भडकले: हा पैसा सैन्याला द्या. संग्रहालयं, सांस्कृतिक केंद्रं, मालिका महत्त्वाच्या आहेत, पण आत्ता प्राधान्य दुसऱ्या गोष्टींना आहे, अशी भूमिका अध्यक्ष झेलेन्स्की यांनी घेतली. सांस्कृतिक मंत्री ओलेक्सांद्र त्काचेन्को यांना जावं लागलं. युद्धाच्या काळात संस्कृतीला पैसा ड्रोनइतकाच गरजेचा आहे, असं ते जाता जाता बजावून गेले.

मला दोन्ही बाजू समजतात. खंदकातल्या मुलाच्या आईला मालिकेचं बजेट दाखवायची हिंमत माझ्यात नाही. तरीही मी त्काचेन्को यांच्या मुद्द्याच्या बाजूने आहे. हे युद्धच मुळात युक्रेनी भाषा आणि संस्कृती वेगळी आहे की नाही या दाव्यावर लढलं जातंय. खेरसनमधले वाद्यवृंद संचालक युरी केर्पातेन्को यांनी ताब्यात घेणाऱ्या रशियनांसाठी मैफल करायला नकार दिला आणि २०२२ मध्ये त्यांची हत्या झाली. बालसाहित्यिक व्होलोदिमिर वाकुलेन्को यांनाही रशियाच्या ताब्यातल्या भागात मारलं गेलं. त्यांनी बागेत पुरलेली डायरी शोधून काढणाऱ्या लेखिका व्हिक्टोरिया अमेलिना पुढच्याच वर्षी क्रामातोर्स्कमध्ये क्षेपणास्त्राच्या हल्ल्यात जखमी होऊन मरण पावल्या. शत्रू ज्या गोष्टीला इतकं महत्त्व देतो ती गोष्ट आपल्या अर्थसंकल्पात 'इतर खर्च' कशी असू शकते?

२३ मे २०२४ ला खारकीवमधल्या फाक्तोर-द्रुक या छापखान्यावर क्षेपणास्त्रं पडली. ७ कामगार गेले, हजारो छापील पुस्तकं जळाली. देशातल्या पुस्तकांचा मोठा हिस्सा खारकीवमध्ये छापला जातो. म्हणजे एका यंत्राबरोबर लेखकाचा स्वामित्वधनाचा हप्ता, अनुवादकाचं उरलेलं बिल, मुखपृष्ठ करणारीचा पुढचा महिना सगळंच अडकतं.

सैन्यभरतीचाही आर्थिक पैलू आहे. अत्यावश्यक ठरलेल्या संस्था आपल्या काही कर्मचाऱ्यांसाठी भरतीतून सवलत मागू शकतात. एकट्याने काम करणाऱ्या कलाकारासाठी ती मागायला संस्थाच नसते. वयाच्या पंचविशीपुढचा ध्वनिमुद्रक किंवा ढोलवादक कधी सैन्यात जाईल सांगता येत नाही, म्हणून आयोजक सहा महिन्यांपुढचा करार करायला कचरतात. करार नाही म्हणून आगाऊ रक्कम नाही.

आता त्या 'फोप' नोंदणीकडे परत येऊ, कारण एक हिशोब अजून कुणाच्या डोळ्यांसमोर नाही. युद्ध सुरू झाल्यावर सरकारने छोट्या व्यावसायिकांना दिलासा दिला. उलाढालीवरचा कर काही काळ २ टक्क्यांवर आणला, तो ऑगस्ट २०२३ पर्यंत चालला. स्वतःसाठी भरायचा सामाजिक सुरक्षेचा मासिक हप्ता ऐच्छिक केला, तो २०२४ अखेरपर्यंत. तेव्हा ही मदत खरीच होती, हातात पैसा राहिला. जानेवारी २०२५ पासून हप्ता पुन्हा सक्तीचा झाला: त्या वर्षी महिना १,७६० ह्रिव्निया, वर नवा लष्करी कर. पण ज्यांनी मधल्या जवळपास तीन वर्षांत हप्ता भरला नाही त्यांची ती वर्षं निवृत्तिवेतनासाठीच्या सेवाकाळात धरली जात नाहीत. साठाव्या वर्षी निवृत्तिवेतन हवं तर युक्रेनमध्ये २०२५ मध्ये ३२ वर्षांची नोंद लागत होती. ही अट दरवर्षी एकेक वर्षाने वाढत २०२८ मध्ये ३५ वर्षांवर पोचणार आहे. २०२२ मध्ये चाळिशीत असलेली, तळघरात गाणारी, दगडाचे पाव विकून जखमींना मदत करणारी ही पिढी २०४० च्या आसपास खिडकीवर अर्ज घेऊन जाईल, तेव्हा तिच्या नोंदवहीत २०२२, २०२३ आणि २०२४ हे रकाने कोरे असतील. ते भरून काढायचा कायदा आजच करता येतो.